तुरटीचा आकडा

परळ, ७ नोव्हेंबर १९५६

प्रिय एडनाबाई,

तुमचं पत्र काल पोस्टमनने चाळीत आणलं तेव्हा नळावरच्या सगळ्या बायकांनी ते आधी हातात घेऊन बघितलं. विलायतेचं तिकीट आमच्या मजल्यावर पहिल्यांदाच आलं. आबा पाळीवरून आल्यावर त्यांनीही पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, "बाई पोचल्या म्हणायच्या सुखरूप."

तिकडे आठवडेच्या आठवडे मराठीचा शब्द कानावर पडत नाही, म्हणून मराठीतच लिही, असं तुम्ही लिहिलंत. मला ते बरंच झालं. इंग्रजीत मी तुम्हाला फक्त आपल्या माटुंग्याच्या प्रयोगशाळेतलं लिहू शकले असते.

टाकीचं विचारलंत. चिंचपोकळीच्या वाडीत विहिरीला लागून सिमेंटची टाकी बांधून झाली. वाडीतले दत्ताराम स्वतः गवंड्याच्या हाताखाली राबले. तुमच्या हर्बर्टदादांबरोबर थर्मामीटरच्या कारखान्यात दिवसभर उभं राहायचं, संध्याकाळी संयुक्त महाराष्ट्र समितीच्या सभा, आणि रविवारी ही टाकी. पुढच्या पावसाळ्यात विहीर गढूळ झाली की पाणी टाकीत घ्यायचं, तुरटी घालून निवळू द्यायचं, वाळूतून गाळायचं आणि मग घरोघर न्यायचं, असं वाडीने ठरवलंय. नळाला सकाळी जेमतेम धार असते, त्यामुळे विहिरीवाचून त्यांचं भागत नाही. तुरटी किती घालायची, ते तुम्ही प्रयोगशाळेत काढलेल्या आकड्यावर.

दत्तारामांच्या आईने, कमळाबाईंनी, मला तिथे गाठलं. त्यांना उत्तर देताना तुमची फार आठवण झाली. "गढूळ पाणी ठेवला तर रेती खाली बसता," त्या म्हणाल्या, "मगे ही माती कित्याक बसणा नाय?"

मी म्हटलं, "आजी, ही माती फार बारीक असते, डोळ्यांना एकेक कण दिसत नाही. पाण्यात प्रत्येक कणावर थोडी थोडी वीज असते, सगळ्यांवर एकाच तऱ्हेची. म्हणून कण एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत, ढकलतात. जवळ येत नाहीत म्हणून गोळा होत नाहीत, आणि गोळा होत नाहीत म्हणून खाली बसत नाहीत. तुरटी पाण्यात विरघळली की तिच्यातली उलट तऱ्हेची वीज कणांना येऊन चिकटते. ढकलणं संपलं की माती बसते."

कमळाबाईंनी विहिरीत डोकावून पाहिलं. "वीज? मगे हात घातल्यावर झटको कित्याक बसणा नाय?"

मला हसू आलं, पण प्रश्न चांगला होता. प्रत्येक कणाभोवतीच्या पाण्यात तेवढीच उलटी वीज फिरत असते, सगळी बेरीज शून्य, म्हणून झटका नाही, असं सांगितलं. त्यांना पटलं की नाही कोण जाणे. पण त्या म्हणाल्या, "तू सांगतंस बरा."

तसं सांगायला मला तुम्ही शिकवलंत. आणखी एक गोष्ट लिहायची होती, समोरासमोर कधी बोलता आली नाही. जानेवारीत हर्बर्टदादांनी फुंकलेला नवा सेल, गढूळ पाणी भरून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची ती चपटी काचेची डबी, आणायला आपण गिरगावात गेलो आणि गोळीबार सुरू झाला. कर्फ्यू लागला, परळला परतणं शक्य नव्हतं. तुमच्या आईने, सबीनामायनी, दार लावून घेतलं आणि मला विचारलं, "तू कोनाची गो?" मी आडनाव सांगितलं आणि मान खाली घातली. हा प्रश्न कशासाठी असतो ते मला लहानपणापासून माहीत आहे. त्या म्हणाल्या, "आडनाव काय करू? बापाचं नाव आन् खोली सांग. रस्ता मोकळा झाला की हर्बर्टला निरोप घेऊन धाडीन." मी आबांचं नाव, राजाराम, आणि खोली सांगितली. मग त्यांनी मैद्याचे गोल फुगे तळले आणि आपल्याच ताटाशेजारी माझं ताट मांडलं. बाहेर अश्रुधुराचा वास येत होता आणि मी पोटभर जेवले. त्या दिवसांत मला तुमच्या घरी एकदाही आपण कोण आहोत ते आठवलं नाही. तुमच्या लक्षातही आलं नसेल, म्हणून लिहिते.

तुमची,
बकुळा


परळ, २० जानेवारी १९५७

प्रिय एडनाबाई,

डिसेंबरात तुम्ही पाठवलेल्या चार ओळी मिळाल्या. उत्तर द्यायला उशीर झाला. बाबासाहेब गेल्याची बातमी आली तेव्हा आबा गिरणीत होते. ते तसेच साचे सोडून बाहेर आले, अंगावर कापसाची पिंजण घेऊन. दुसऱ्या दिवशी दादरच्या चौपाटीवर एवढी माणसं होती की मला समुद्र दिसला नाही, नुसता ऐकू येत होता. तिथेच वाळूत उभं राहून आबांनी, आईने आणि मी दीक्षा घेतली. घरी आल्यावर आबांनी भिंतीवरच्या तसबिरी उतरवल्या. भिंतीवर चौकोनी पांढरे डाग राहिलेत. आई म्हणते रंग देऊ, आबा म्हणतात राहू दे थोडे दिवस.

प्रयोगशाळेत आता मी बरी असते. सूक्ष्मदर्शकाखाली कण सरकताना बघत बसलं की डोकं शांत राहतं.

तुमचा निबंध छापून आला. माटुंग्याला ग्रंथालयात अंक आला त्या दिवशी मी तो उभ्या उभ्या वाचला. चिंचपोकळीच्या विहिरीचा गाळ, तुरटीचं वाढतं प्रमाण, वीज लावल्यावर कणांचा कमी कमी होत गेलेला वेग, आणि ज्या प्रमाणाला कण थांबतात तो आकडा. कणावरची वीज जिथे संपते तिथे माती सगळ्यात चांगली बसणार. दत्तारामांना मी तो आकडा वाचून दाखवला. ते म्हणाले, "आपल्या वाडीची विहीर विलायतेत छापून आली!" निवडणुकीच्या धामधुमीतही त्यांनी ही गोष्ट दहा जणांना सांगितली असणार.

तुम्ही थंडीत जपा. सबीनामाय विचारत होत्या की तिकडे सुके बोंबील मिळतात का. मी म्हटलं, कळवते.

तुमची,
बकुळा


परळ, १४ जुलै १९५७

प्रिय एडनाबाई,

हे पत्र लिहायचं मी टाळत होते. टाकीचं काम बिघडलं आहे.

जूनच्या मध्यात विहीर गढूळ झाली. मी स्वतः वाडीत गेले, पाणी मोजलं, तुरटी वजन करून विरघळवली आणि टाकीत घातली, काठीने सावकाश ढवळली. आकडा तुमचा, काटेकोर. दुसऱ्या दिवशी पाणी वर थोडं फिकट दिसलं, पण निवळलं नाही. दुधात पाणी घातल्यासारखं राहिलं. वाळूतूनही तसंच खाली आलं. बायका म्हणाल्या, तुरटी कमी पडली असेल. मलाही तसंच वाटलं. थोडी वाढवली. पाणी आणखी दुधाळ झालं आणि जिभेला तुरट लागायला लागलं.

तरी लोक ते पाणी भरत राहिले, कारण दुसरं नव्हतं. मग वाडीतल्या पोरांना हगवण लागली. दत्तारामांची धाकटी पद्मजा, तीन वर्षांची, तिला केईएममध्ये ठेवावं लागलं. आता ती घरी आली आहे, पण हाताला धरून उठवावी लागते.

मागच्या रविवारी वाडीची सभा झाली. मी गेले होते, प्रमाण पुन्हा तपासू असं सांगायला. मला बोलायची वेळच आली नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "बाईंचा आकडा छापलेला आहे, तो कसा चुकेल? पाण्याला हात कुणाचा लागतो ते बघा." मग दुसरा एक जण समजावणीच्या सुरात म्हणाला, "तसं नव्हे हो, पण लोकांच्या मनात येतं. बकुळाबाईंनी उद्यापासून टाकीपाशी न आलेलं बरं. आपलं काम आपण करू."

हीच माणसं सकाळी समितीची पत्रकं वाटत होती. एक भाषा, एक राज्य, सगळे एक. दत्ताराम समोरच्या बाकावर होते. ते खाली बघत होते. मी त्यांच्याकडे बघत राहिले, पण त्यांनी मान वर केली नाही.

मी पिशवी उचलली आणि निघाले. लालबागपर्यंत चालत आले तेव्हा लक्षात आलं की तराजू तिथेच राहिला.

आबांना सांगितलं. ते म्हणाले, "तुझं मोजमाप बरोबर होतं?" मी म्हटलं, "होतं." "मग दुसरं काय चुकलं ते शोध. रडू नको. रडलीस तर त्यांना वाटेल त्यांचं खरं."

बाई, तुम्ही इथे असतात तर काय केलं असतंत? मला काही सुचत नाही. तुमच्या आकड्यावर माझा पूर्ण विश्वास आहे, आणि माझ्या हातावरही. मग पाणी का निवळत नाही?

तुमची,
बकुळा


परळ, ४ ऑगस्ट १९५७

प्रिय एडनाबाई,

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. आज सरळ लिहिते.

गेल्या आठवड्यात दुपारी दार वाजलं. कमळाबाई होत्या. छत्री गळत होती, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, आणि कमरेवर विहिरीच्या पाण्याने भरलेली कळशी. चिंचपोकळीहून ती कळशी घेऊन चालत आल्या होत्या. आई गोंधळली. वाडीतल्या बाईने आमच्या चाळीत पाऊल ठेवलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं.

"चाय टाक गो," कमळाबाई आईला म्हणाल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. "लांबसून चलत इलंय." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुका थय येवक देणत नाय, म्हणान पाणी हय हाडलंय. बघ काय ता."

"आजी, दत्तारामांना माहीत आहे?"

"तो गप्प बसलो सभेत. माका सांगितल्यान तेव्हा मी त्याका जेवण वाढलंय, पण बोलणंय नाय त्याच्याशी." चहाचा कप त्यांनी दोन्ही हातांत धरला, फुंकर घातली आणि प्यायला लागल्या. आई दाराच्या आड उभी राहून बघत होती.

मी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून काचेचे पेले मागून आणले आणि जमिनीवर ओळीने मांडले. सगळ्यांत कळशीतलं पाणी. शेवटच्या पेल्यात तुमच्या आकड्याइतकी तुरटी, आणि तिथून मागे येत प्रत्येकात आधीपेक्षा कमी. पहिल्यात काहीच नाही. ढवळले आणि आम्ही तिघी बसून राहिलो. कमळाबाई पद्मजाचं सांगत होत्या, आता ती भात मागून खाते म्हणून.

मधल्या पेल्यात आधी बारीक कणी दिसायला लागली, मग कापसाच्या पुंजक्यांसारखे गोळे झाले आणि खाली उतरले. त्या पेल्यापलीकडची भिंत स्वच्छ दिसत होती. पहिला पेला होता तसाच गढूळ. आणि शेवटचा, तुमच्या आकड्याचा, दुधाळ.

कमळाबाई वाकून दोन्हीकडे बघत होत्या. "म्हणजे आमी जास्त घालत होतंव?"

"हो."

"कमी घातला तर बसणा नाय, जास्त घातला तरी बसणा नाय? ह्या कसला?"

तेव्हा मला कळलं बाई, सांगता सांगता कळलं. तुरटी जास्त झाली की उलटी वीज कणांना गरजेपेक्षा जास्त चिकटते. आधीची वीज संपते आणि सगळे कण आता उलट्या विजेचे होतात. पुन्हा सगळे एकसारखे, पुन्हा एकमेकांना ढकलणार. हे पुस्तकात आहे, तुम्ही शिकवलंही होतंत. पण तुमच्या आकड्याला कण थांबतात असं आपण दोघींनी डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून मी तिकडे बघितलंच नाही.

दुसऱ्या दिवशी माटुंग्याला जाऊन तोच गाळ, तेच प्रमाण घेतलं आणि सेल सूक्ष्मदर्शकाखाली लावला. सेलमध्ये किती खोलवर बघायचं ते ठरवणाऱ्या स्क्रूवर तुमच्या लाल नेलपॉलिशची खूण आहे, तिथे तो आणला. वीज सुरू केली. कण उभेच होते, तुम्ही छापलंय तसे. मग मी खूण सोडली आणि स्क्रू हळूहळू खाली फिरवला. तळच्या काचेजवळ तेच कण ऋण टोकाकडे धावत होते; म्हणजे ते थांबलेले नव्हतेच.

काचेवरही वीज असते, तिच्यालगतचं पाणी एका दिशेला सरकतं आणि सेल बंद असल्यामुळे मधून उलटं परततं; पाणी जिथे स्थिर असतं त्या खोलीवरच कणाचा खरा वेग दिसतो, नाहीतर आपण कण आणि वाहतं पाणी दोन्ही मिळून मोजतो. हे मला तुम्हीच फळ्यावर काढून दाखवलं होतंत. लाल खूण त्या खोलीची होती. पण ती जुन्या विलायती सेलची. तो फुटला. हर्बर्टदादांचा सेल आपण कर्फ्यूत आणला आणि त्याच खुणेवर काम सुरू केलं.

मी गिरगावात जाऊन हर्बर्टदादांना विचारलं. ते म्हणाले, "आतून माझा जरा खोल झाला होता, तेवढी पातळ काच माझ्याकडे नव्हती. चालेल ना, असं मी तिला बोल्लो होतो. पन तेव्हा बाहेर गोळ्या चालल्या होत्या, कोन ऐकतंय." सेलची खोली पुन्हा मोजली. खूण जवळजवळ मधोमध येते, जिथे परतणारं पाणी सगळ्यात जोरात असतं. खऱ्या जागी मोजलं तर कण तुमच्या आकड्याच्या निम्म्याहूनही आधी थांबतात. माझ्या पेल्यांतही तेच.

म्हणजे निबंधातला आकडा चुकला आहे.

आबांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "ज्या बाईनं तुला आपल्या घरात ठेवून घेतलं, तिला असं लिहिणार?" मी म्हटलं, "मग काय करू?" आबा म्हणाले, "परत एकदा मोज. तेच आलं तर लिही. पण नीट लिही." मी परत मोजलं. तेच आलं. सोबत सगळी मोजमापं जोडली आहेत.

वाडीला मी नवा आकडा कळवला होता. समितीच्या एका गृहस्थांनी विचारलं, "बाईंचा छापलेला आहे. तुमचा कुठे छापलाय?" त्यांनी टाकी तूर्त बंद ठेवली आहे. बायका लालबागच्या नळावरून पाणी वाहतात. फक्त कमळाबाई घरच्या हंड्यात माझ्या आकड्याने तुरटी घालतात.

मला तुमच्याकडून काही नको, फक्त हे बरोबर आहे की नाही एवढं सांगा.

तुमची,
बकुळा


परळ, १५ सप्टेंबर १९५७

प्रिय एडनाबाई,

तुमचं उत्तर नाही. दर मंगळवारी विलायतेची डाक येते, मी पोस्टमनला विचारत नाही, तोच मान हलवतो.

काल गिरगावात गेले. सबीनामायनी नेहमीसारखं आत बोलावलं, पण जरा वेळाने म्हणाल्या, "तुझं पत्र गेलं त्या टायमापासून तिचं घरीपन पत्र नाय गो. तू काय लिवलंस तिला?" मी सांगितलं. त्यांना प्रयोगातलं कळलं नाही, पण एवढं कळलं की त्यांच्या लेकीचं काहीतरी चुकलं असं मी म्हणते आहे. त्या उठून आत गेल्या. मी बराच वेळ एकटी बसले. मग त्या बाहेर आल्या, हातात पिशवीत बांधलेले फुगे होते. "बापाला दे तुझ्या," म्हणाल्या. "आन् आता जा, उशीर होतोय." चेहरा मात्र हसरा नव्हता.

तुम्ही रागावला असाल तर तसं लिहा. तुमचा राग मी सोसेन. मी लिहिलेलं मागे घ्यावं असं मला कधीकधी वाटतं, पण प्रयोगशाळेत जाऊन बघितलं की कण तिकडेच जातात. त्यांना मी काय करू?

तुमच्याकडून जे मिळालं त्याची जाणीव आज जास्तच आहे. एवढंच.

बकुळा


परळ, २० ऑक्टोबर १९५७

प्रिय एडनाबाई,

तुम्ही दोन पत्रं पाठवलीत, एक मला आणि एक वाडीला. वाडीचं आधी पोचलं. मला काहीच माहीत नव्हतं. रविवारी सकाळी दत्ताराम आमच्या चाळीच्या जिन्याशी उभे. वर यायला संकोचत होते. आबांनी कठड्यावरून हाक मारली, "या की वर." ते म्हणाले, "बकुळाताई, तुम्हाला न्यायला आलोय. बाईंचं पत्र आहे. तुमच्यासमोर वाचायचंय."

वाडीच्या अंगणात सगळे जमले होते. दत्ताराम उभे राहून वाचायला लागले. सभांमध्ये खणखणीत बोलणारा माणूस, पण एकेक शब्द बोट ठेवून वाचत होता. तुमचं वाक्य मी जसंच्या तसं लक्षात ठेवलंय: "आकडा माझा होता आणि तो चुकला. पाणी कुणाच्या हाताने बिघडलं नाही, माझ्या आकड्याने बिघडलं. बकुळाने मोजलेला आकडा मी इथे पुन्हा मोजून पाहिला आहे. तोच बरोबर आहे. तोच वापरा."

तिथे ते थांबले. मग त्यांनी तेवढंच परत एकदा वाचलं, कुणी सांगितलेलं नसताना. आणि कागद खाली करून म्हणाले, "त्या दिवशी सभेत मी गप्प बसलो. तुमचं काही चुकत नाही हे मला ठाऊक होतं. घरात पोर आजारी होती, पण ते कारण नव्हे. मला लोकांची भीती वाटली." कमळाबाई मागून म्हणाल्या, "पुरे झाला. आता पाणी काढा."

पाणी काढलं. तुरटी मी घातली नाही. दत्तारामांना वजन कसं करायचं ते दाखवलं आणि त्यांनाच घालायला लावलं. विहीर अजून गढूळ आहे, तरी दुसऱ्या दिवशी टाकीचा तळ दिसत होता. एका पोराने आत पैसा टाकला आणि छापा की काटा ते वरून वाचून दाखवलं.

सगळेच बदलले असं नाही. कोपऱ्यावरचं एक घर अजून टाकीचं पाणी भरत नाही. मला त्याचं पूर्वीइतकं लागत नाही, पण लागत नाही असंही नाही.

मग मंगळवारी मला लिहिलेलं पत्र आलं. दोन महिने तुम्ही माझ्यावर रागावला होतात असं तुम्ही लिहिलंत. आधी वाटलं पोरीला अक्कल नाही, मग वाटलं तिने हे आधी का नाही पाहिलं, मग तिथला सेल लावून स्वतः मोजलंत आणि मग आठवडाभर खोलीबाहेर पडला नाहीत. परिषदेत वाचायचा निबंध तुम्ही मागे घेतलात. हे सगळं तुम्ही लपवलं असतंत तर मला कळलंही नसतं. तुम्ही रागावला होतात हे वाचून मला बरं वाटलं, बाई. लहान मुलाची चूक पोटात घालावी तसं तुम्ही मला पोटात घातलं नाहीत. बरोबरीच्या माणसावर रागवावं तसं रागावलात.

आणि दुरुस्ती छापायला पाठवताना माझं नाव आधी घातलंत. मी ते बदला म्हणून लिहिणार होते. आबा म्हणाले, "गप्प बस. त्यांनी विचार करून घातलं असणार."

सबीनामायना तुमचं पत्र मिळालं का? काल हर्बर्टदादा भेटले, ते म्हणाले की माय तुझ्यासाठी काहीतरी तळून ठेवतायत, ये.

तुमची,
बकुळा


परळ, २४ एप्रिल १९६०

प्रिय एडनाबाई,

प्रबंध सादर केला. काळ्या कापडात बांधून घेतला, पाठीवर सोनेरी अक्षरं. पहिल्या पानांत आभार मानायचे असतात. मार्गदर्शक म्हणाले, प्रत्येकाला एकेक वाक्य पुरे. तुम्हाला मी एक वाक्य दिलं आहे, इंग्रजीत, व्याकरणाने बरोबर. ते वाचून तुम्हाला मी कळणार नाही, म्हणून हे पत्र.

पाणी का निवळतं ते तुम्ही शिकवलंत, आणि चुकल्यावर कसं बोलायचं तेही. यातलं दुसरं मला आधी कुणी करून दाखवलं नव्हतं. शिकलेल्या माणसांत तर नाहीच. वाडीत तुमचं पत्र वाचलं गेलं नसतं तर मी प्रयोग सोडले असते असं नाही. आबांनी सोडू दिले नसते. पण कुठल्याही सभेत उभी राहताना मागून कोण काय म्हणेल याकडेच माझे कान लागून राहिले असते. आता मी बोलायचं ते बोलते आणि खाली बसते. महापालिकेच्या पाणीखात्याच्या प्रयोगशाळेत जूनपासून रुजू व्हायचंय. मुलाखतीत त्यांनी विचारलं, तुमचा निष्कर्ष आणि छापलेला निष्कर्ष जुळला नाही तर काय कराल? मी म्हटलं, परत मोजेन, आणि तेच आलं तर ज्यांचा आहे त्यांना लिहीन.

एक तारखेला महाराष्ट्र होतोय. गिरणगावात आतापासूनच कागदी झेंडे लागलेत. दत्तारामांचा घसा आनंदाने बसला आहे. पद्मजा शाळेत जाते. हे सगळं तुम्हाला वर्तमानपत्रात मिळणार नाही.

काल आबांना प्रयोगशाळेत घेऊन गेले. इतकी वर्षं मी जाते, पण ते कधी आले नव्हते. धुतलेला सदरा घातला होता. दारात त्यांनी वहाणा काढल्या. मी म्हटलं, "आबा, घाला पायात, फरशीवर आम्ल सांडलेलं असतं." ते म्हणाले, "असू दे," आणि मग माझं ऐकून घातल्या, पण पाऊल जपून टाकत होते.

सेल लावला. त्यांना स्टुलावर बसवलं. एक डोळा मिटून दुसऱ्याने बघायचं त्यांना जमेना, मी हाताने त्यांचा डोळा झाकून धरला. बराच वेळ त्यांना आपल्याच पापण्या दिसत होत्या. मग ते एकदम स्तब्ध झाले.

"दिसतं का?"

"चमकतायत. बारीक बारीक. जागच्या जागी थरथरतायत."

मी वीज सुरू केली.

"निघाले," आबा म्हणाले. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. "सगळे एका अंगाला निघाले. कुणी ढकलतंय का त्यांना?"

मी सांगितलं, जेवढं मला येतं तेवढं. ते ऐकत होते, पण डोळा काढत नव्हते. गिरणीत तीस वर्षं धाग्याकडे बघून त्यांच्या डोळ्यांना पाणी येतं, तसं येत होतं, तरी बघत राहिले. तास संपल्याची घंटा झाली, मुलं जिन्यावरून खाली गेली. मग त्यांनी मान वर केली आणि चष्मा पुसला.

"एडनाबाईंनी पण ह्यातूनच बघितलं होतं?"

"हो आबा. ह्याच स्टुलावर बसून."

ते परत वाकले, आणखी एकदा बघून घेतलं.

"मग लिही त्यांना," ते म्हणाले, "राजारामनं पण बघितलं म्हणून."

तुमची,
बकुळा